दुसरं पान

"लॉट मिसळायचा न्हाई," असं म्हणत साहेब रिपोर्टाची दोन पानं एकमेकांपासून वेगळी करायचे. मी मारलेली स्टेपलची पिन नखानं उचकटायचे आणि माझ्याच टेबलावर टाकून द्यायचे. मग पहिलं पान लाल पिशवीत जायचं. दुसऱ्या पानाची घडी व्हायची आणि ती शर्टाच्या आतल्या खिशात जायची. पहिल्या पानावर साखर आणि चरबी असायची. दुसऱ्या पानावर किडनी असायची.

मी जालन्यात एका लहानशा लॅबमध्ये रक्त काढते. या कामाला वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सुईला भिणारी माणसं पाहिली, सुई बघून हसणारी पाहिली. पण हात पुढं करताना माझ्यावर उपकार करतोय असा चेहरा करणारा माणूस हा एकच. मला ते कधी ताई म्हणाले नाहीत, बाई म्हणाले नाहीत. "ओ सुईवाली," एवढंच. आम्ही मात्र त्यांना साहेब म्हणायचं. न म्हणणाऱ्याकडं ते बघतच नसत.

साहेब कशाचे, तर एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात माल पास-नापास करण्याचं काम त्यांच्याकडं होतं. शेतकऱ्यांनी पिकवून आणलेलं बियाणं तिथं लॉट करून ठेवतात. पोत्यांमधून थोडे थोडे दाणे काढायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी कागद उघडून किती उगवले ते मोजायचं. कमी उगवले की अख्खा लॉट बाद. पोत्याच्या लेबलावर लाल पेनानं फुली. हे काम कुणीतरी करायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ते फुली मारताना हसायचे त्याबद्दल.

हे मी ऐकीव सांगत नाही. भोकरदनजवळच्या आमच्या शिवारात माझे आईवडील मिरचीचं बी पिकवायचे. आई हंगामभर उन्हात बसून एकेका फुलावर हातानं पराग लावायची. एका वर्षी आमचा लॉट नापास झाला. मी तेव्हा बारावीत होते आणि वडिलांबरोबर कारखान्यात गेल्ते. वडील टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "साहेब, एक पोतं वल्लं झाल्तं. बाकीचा माल चांगला हाय. एकवार बघा."

साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "नमुना फेल म्हणजे लॉट फेल," ते म्हणाले आणि शेजारच्या माणसाकडं बघून हसले. "समदे हेच म्हणतेत. बाकीचा माल चांगला हाय!"

त्या हसण्याची किंमत त्यांना ठाऊक नव्हती. पुढं मी लॅबचा कोर्स केला, लग्न होऊन या कॉलनीत आले, तर दोन घरं सोडून हेच साहेब. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखायला आधी बघितलेलं असावं लागतं.

निवृत्त झाल्यावर साहेबांकडं नापास करायला काही उरलं नाही, म्हणून ते कॉलनी नापास करायला लागले. कुणाचा पोरगा, कुणाची गाडी, कुणाच्या घरचा वास. ओट्यावर बसून निकाल द्यायचे. आणि आपल्याकडं निकाल देणाऱ्याभोवती माणसं जमतातच. आपल्याला नापास केलं तरी चालेल, पण शेजाऱ्याला कसं केलं ते ऐकायचं असतं. तुमच्या गल्लीतही असा एखादा ओटा असेलच.

मग एक दिवस साहेबांच्या छातीत दुखलं. संभाजीनगरला नेलं, हृदयाच्या नळीत दोन जाळ्या टाकल्या आणि पाचव्या दिवशी साहेब ओट्यावर हजर. आता त्यांच्याकडं सांगायला विषय होता. हृदयाच्या तपासणीची सीडी त्यांनी निदान चाळीस माणसांना दाखवली असेल. मलाही बोलावून दाखवली. काळ्यापांढऱ्या पडद्यावर एक काळी रेघ वळवळत होती. "बघा, हे ब्लॉक. हे जाळी टाकल्यावर. डॉक्टर म्हणला, साहेब, पंप एकदम बराबर झाला." डॉक्टर त्यांना साहेब म्हणाला असेल यावर माझा विश्वास नाही, पण ऐकणारे माना डोलावत होते.

किडनीची गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. माहीत होती ती घरात त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, आणि लॅबमध्ये मला.

साखर पंधरा वर्षांची, वर गुडघ्यासाठी रोज खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या. दोन्हींनी मिळून किडनी पोखरली. पुढं पाय सुजायला लागले तेव्हा संभाजीनगरातच दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या डॉक्टरकडं ते गुपचूप जाऊन आले. त्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, किडनी निम्म्याहून कमी काम करतेय. तेव्हापासून निळी पिशवी सुरू झाली.

दोन्ही पिशव्या बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेल्या. दोन्हींच्या बंदाला पोत्याला लावतात तसलं पुठ्ठ्याचं लेबल, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेलं. एकावर 'हार्ट', एकावर 'किडनी'. लाल पिशवी घेऊन सोमवारी यायचे, निळी घेऊन गुरुवारी. मी पहिल्यांदा म्हणाले, "साहेब, रक्त तर एकच आहे. एकदाच काढते, दोन्ही डॉक्टरांचं होऊन जाईल."

"रक्त एकच असंल," ते म्हणाले. "लॉट वेगळाय."

"पण हृदयाच्या डॉक्टरांना किडनीचं कळायला नको?"

"ज्याचं त्याचं डिपार्टमेंट. गव्हाच्या माणसाला कापसाचं कशाला इचारायचं?"

खरं कारण हे नव्हतंच. खरं कारण त्यांच्या तोंडून एकदा निसटलं होतं. हाताला पट्टा बांधून घेता घेता म्हणाले, "हार्टचा पेशंट म्हणलं की लोक उठून खुर्ची देतेत. किडनीचं म्हणलं की आपल्या खुर्चीखाली ओलं झालंय का ते बघतेत." मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

तर असा हा माणूस दर दोन महिन्यांनी एकाच आठवड्यात दोनदा रक्त द्यायचा. हृदयाचे डॉक्टर चिठ्ठीवर किडनीची तपासणीही लिहायचे, कारण ते लिहितातच. ती मी करायचे, दुसऱ्या पानावर यायची आणि ते पान खिशात जायचं. तिकडं विचारलं तर साहेब सांगायचे, "झालंय, घरी राह्यलं." आणि किडनीच्या डॉक्टरांनी छातीचं विचारलं तर, "हार्ट? फर्स्ट क्लास." गर्दीच्या दवाखान्यात एवढं पुरतं.

मला काय माहीत होतं ते सांगते. मी डॉक्टर नाही. पण वीस वर्षं रिपोर्ट छापले की काही गोष्टी कळतात. ज्याचं हृदय दुखावलंय आणि किडनीही थकलीय, त्याचा हिशेब साधा राहत नाही. एकासाठी दिलेली गोळी दुसऱ्याला जड जाते. किडनी थकली की पोटॅशियम रक्तात साचतं आणि ते फार साचलं की हृदय चालता चालता थांबतं. दोन दुखणी म्हणजे एका घरात राहणाऱ्या दोन जावा, एकीचं बिनसलं की दुसरीचं भांडं आपटणारच. हे साहेबांना सांगायला गेलं की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचे.

त्यात मोसंबी. बदनापूरकडच्या कुणा ओळखीच्याची बाग होती, तिथून पोतं यायचं. साहेब सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून पेलाभर रस प्यायचे, हृदयाला चांगला म्हणून. किडनीच्या डॉक्टरांनी पोटॅशियम वाढतं म्हणून मोसंबी, नारळपाणी बंद असं लिहून दिलं होतं. पण ते निळ्या पिशवीत होतं. रस लाल पिशवीच्या हिशेबात प्यायला जात होता.

एका सोमवारी लाल पिशवीतून फाईल काढताना गोळ्यांचं एक पाकीट बाहेर पडलं. गुरुवारी निळ्या पिशवीतून दुसरं पडलं. नावं वेगळी होती, रंग वेगळे होते. मागं बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते मी वाचलं. एकच होतं. रक्तदाबाची तीच गोळी दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहिली होती आणि हा शहाणा माणूस दोन्ही खात होता. किडनी थकलेल्याला ही गोळी मोजूनमापूनच देतात, कारण तिनं पोटॅशियम वाढतं.

यातली गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. ओट्यावर बसून साहेबांची सगळ्यात आवडती बढाई कोणती, तर बाजारात एकच बियाणं दोन पाकिटांत कसं विकलं जातं आणि अडाणी शेतकरी दोन्ही कसं घेतो. "माल तोच, पाकीट वेगळं! आन् हे येडे दोन्ही पेरून राह्यले!" असं म्हणून मांडीवर थाप मारायचे.

मी त्यांना ते सांगितलं. गुरुवारची सकाळ होती, बाकावर चारपाच माणसं बसली होती. मी आवाज खाली ठेवून म्हणाले, "साहेब, या दोन्ही गोळ्या एकच आहेत. डॉक्टरांना विचारा. माल तोच आहे, पाकीट वेगळं आहे."

माझी चूक तीच झाली. त्यांचंच वाक्य त्यांना दिलं. साहेब ताडकन उठले. "सुईवालीनं सुई टोचावी," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "डॉक्टर व्हायचं व्हतं तर बापाला शिकवाया सांगायचं व्हतं."

माझा बाप. टोपी हातात घेऊन उभा राहिलेला.

त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. पिन मारायची, त्यांनी उचकटायची. रिपोर्ट पेशंटच्या हातात द्यायचा एवढंच माझं काम, असं मी स्वतःला सांगितलं. प्रत्येक वेळी दुसऱ्या पानावरचा आकडा वाढलेला असायचा आणि मी तो गुपचूप छापायचे. खोटं कशाला बोलू, छापताना मला बरं वाटायचं. उगवू नकोस, असं कागदातल्या दाण्याला कुणी म्हणावं तसं. साहेबांची लायकी मी काढतेय, पण माझीही तेव्हा काही फार नव्हती.

वर्षभरात साहेब खंगले. दोन पायऱ्या चढले की धाप लागायची, पायांवर बोट दाबलं की खड्डा पडायचा. हृदयाच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करायचं ठरवलं, लागलं तर मोठं ऑपरेशन. शुक्रवारची तारीख दिली. आणि या वेळी चिठ्ठीवर जाड अक्षरात लिहिलं, किडनीच्या रिपोर्टशिवाय येऊ नये. तपासणीच्या वेळी नळीत जे औषध सोडतात ते किडनीला सोसावं लागतं, म्हणून.

सोमवारी रक्त घेतलं. दुपारी साहेब रिपोर्ट न्यायला आले. लॅबमध्ये कुणी नव्हतं. त्यांनी दुसरं पान वाचलं आणि खिशात घातलं नाही. टेबलावर ठेवलं, त्याच्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "ताई."

मी वर बघितलं.

"एवढा आकडा बघितला तर ते ऑपरेशन करायचे न्हाईत. बाद करतील मला. तुम्ही जरा... एवढा एक आकडा खाली घ्या. कोणाला कळणार हाय?"

ज्या माणसानं आयुष्यात एका पोत्यालाही सूट दिली नाही, तो माझ्याकडं पासचा शिक्का मागत होता. त्याचे ओठ कोरडे पडले होते. मला दिसत होतं की तो घाबरलाय. लहान मूल घाबरतं तसा घाबरलाय. आणि तेव्हा मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं?

मी पिन मारली, दोन्ही पानं पुढं सरकवली आणि म्हणाले, "नमुना फेल म्हणजे लॉट फेल, साहेब."

हसलेसुद्धा मी. बारावीपासून ते हसू सांभाळून ठेवलं होतं.

 साहेबांनी या वेळी पिन उचकटली नाही. दोन्ही पानं तशीच लाल पिशवीत घातली आणि भिंतीला हात लावत बाहेर गेले. आकडा खाली घेतला नाही याचा मला आजही पस्तावा नाही. हसण्याचा आहे.

ते गेल्यावर मी रजिस्टरमधल्या पोटॅशियमच्या आकड्याकडं नीट बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी जिरलं. निळ्या पिशवीच्या चिठ्ठ्यांवर किडनीच्या डॉक्टरांचा नंबर असायचा. मी फोन केला. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पाठवा. उद्या नाही, आत्ता." मी लॅबला कुलूप लावून त्यांच्या घरी पळत गेले. साहेब ओट्यावर बसले होते, हातात रसाचा पेला. मी पेला काढून घेतला आणि डॉक्टरांचा निरोप सांगितला. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"शुक्रवारी जायचंच हाय," साहेब म्हणाले. "दोन खेपा कशाला?"

"साहेब, शुक्रवारपर्यंत थांबता येणार नाही. गाडी बोलावते."

"हार्टची तारीख शुक्रवारची हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "तसं बी तुम्ही निकाल देऊन टाकलाय की."

काकूंनी हात जोडले, मी ओरडले, शेजारचे गोळा झाले. शेजारचे आल्यावर तर साहेब मुळीच उठणार नव्हते. किडनी हा शब्द चारचौघांत ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी मला हातानंच जा म्हणून खुणावलं. मंगळवारी सकाळी नळाजवळ तोंड धुताना ते पडले. संभाजीनगरला पोचेपर्यंत श्वास होता. बुधवारी तोही थांबला.

तेरावा झाल्यावर काकू लॅबमध्ये आल्या. दोन्ही हातांत दोन पिशव्या. माझ्या टेबलावर त्या दोन पिशव्या पहिल्यांदाच शेजारी शेजारी आल्या.

"तिथं काय झालं माह्यतीय का?" काकू बाकावर बसत म्हणाल्या. "दोघं बी डॉक्टर आल्ते. हार्टवाले आन् किडनीवाले. येकमेकाला वळखतेत गं ते! येका कॉलेजातले. अरे-तुरे करून बोलून राह्यल्ते. रोज सकाळी संगं फिरायला जातेत म्हणं." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "हार्टवाले म्हणले, मला आधी सांगितलं असतं तर गोळ्या बदलल्या असत्या. दोघांनी मिळून सांभाळलं असतं. मी म्हणलं, तुम्ही त्यायला बाद केलं असतं ना? तर ते माझ्या तोंडाकडंच बघाया लागले. म्हणले, आजी, बाद कोण करतंय? आमचे निम्मे पेशंट असेच असतेत."

 

काकूंनी एक कागद काढला. दवाखान्यातून मिळालेला शेवटचा. "ह्याच्यावर दोन्ही लिव्हलंय म्हणं. हार्ट बी आन् किडनी बी, येकाच वळीत. त्यायनी मला शिकवल्तं, कागद ज्याच्या त्या पिशवीत टाकायचा, मिसळायचा न्हाई. मंग हा कोणत्या पिशवीत टाकू?"

मी कागद वाचला. दोन्ही होतं, एकाच ओळीत. उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून मी लाल पिशवी उघडली आणि फाईल बाहेर काढली. फाईलच्या मागच्या कव्हरमध्ये काहीतरी जाड लागलं. हात घातला तर घड्या घातलेली पानं.

दुसरी पानं. सगळीच्या सगळी. मला वाटत होतं तो माणूस ती फाडून टाकतो, फार तर निळ्या पिशवीत टाकतो. ती लाल पिशवीत होती. दर वेळी हृदयाच्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेलेली आणि तशीच परत आलेली. तारखेनं लावलेली. प्रत्येकाला भोक पाडून पांढऱ्या दोऱ्यानं एक लेबल बांधलेलं आणि त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'या वेळी डॉक्टरांना दाखवणे'. पुढं तारीख. तारखेवर फुली. खाली पुढची तारीख. तिच्यावरही फुली. लाल पेनानंच.

मला कळवळा यायला हवा होता. आधी संताप आला. इतकी वर्षं हजारो पोत्यांवर फुल्या मारताना ज्याचा हात थरथरला नाही, त्याला एक कागद एका टेबलावर ठेवायचं धाडस झालं नाही. भेकड कुठला.

मग सगळ्यात वरचं पान उघडलं. सोमवारचं. हे एकच दोन पानांचं होतं, माझी पिन तशीच होती. लेबलावर शुक्रवारची तारीख होती आणि तिच्यावर फुली नव्हती. तारखेखाली अक्षर जरा वाकडं गेलं होतं:

'नमुना फेल आहे. बाकीचा माल चांगला आहे. एकवार बघावे.'

"काय लिव्हलंय गं?" काकूंनी विचारलं.

मी निळी पिशवी उघडली. तिच्यातले कागद काढून लाल पिशवीतल्या कागदांमध्ये तारखेनं लावत गेले. काकू शेजारी बसून एकेक पान हातात देत होत्या. शेवटचा कागद सगळ्यात वर आला. स्टेपलरची पिन एवढ्या जाड गठ्ठ्यात शिरेना, म्हणून मी लेबलाचा पांढरा दोरा सोडला आणि त्यानंच सगळं एकत्र बांधलं.